निर्मिती, दर्या आणि दऱ्या

'निर्मिती' हा शब्द फळ्यावर लिहून जरा निरखून पाहावा. डोळ्यांना सगळ्यात आधी दिसते ती पहिली वेलांटी, पण तिचा उच्चार होतो 'न'च्या नंतर. पुढे पुन्हा वेलांटी, मग 'म', आणि त्या 'म'च्या डोक्यावर रफार. हा रफार हात सर्वांत शेवटी काढतो आणि तोंड मात्र तो 'म'च्या आधी उच्चारतं. शेवटची 'ती' तेवढी सरळ, बोलावी तशी लिहिलेली. तीन अक्षरांचा शब्द, पण वाचणाऱ्याला त्यात किती वेळा पुढे-मागे करावं लागतं!

नुसत्या 'र'चंच पाहा. 'राम'मध्ये तो पूर्ण असतो, 'प्रकाश'मध्ये तिरकी रेघ होऊन खाली बसतो, 'ट्रक'मध्ये त्याचं चिन्ह वेगळंच, 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर चढतो. शिवाय मराठीचा खास अर्धा 'ऱ' आहेच. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. बहुतेक मुलं हे सगळं दुसरी-तिसरीपर्यंत आपसूक पचवतात. प्रत्येक शाळेत काही मुलं अशीही असतात की ज्यांना ते पचत नाही. ती गोष्ट रंगवून सांगतात, तोंडी हिशेब चटकन करतात, शिक्षकांनी वाचून दाखवलेला धडा त्यांच्या लक्षात राहतो. पण पुस्तक हातात दिलं की पहिल्याच ओळीत अडखळतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळतात, 'ख' दिसला की 'रव' वाचतात. आज आलेला शब्द उद्या पुन्हा अनोळखी होतो. अशा मुलाला आळशी, मठ्ठ, 'लक्षच नसतं याचं' अशी विशेषणं फार लवकर चिकटतात. खरं तर वर्गात सर्वांत जास्त कष्ट तेच मूल घेत असतं.

या अडचणीला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. ती वाचनात असली तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असली तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असली तर डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन किंवा तिन्ही एकत्रही आढळतात. बुद्धी कमी असण्याशी यांपैकी कशाचाच संबंध नाही.

हे वैद्यकाला कळून सव्वाशे वर्षं उलटून गेली. १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्सचे डॉक्टर विल्यम प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात चपळ, नजर उत्तम, गणित चांगलं. पण वर्षानुवर्षं शिकवूनही वाचन येईना. स्वतःचं नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी आणि आपण चुकलो हे त्याला कळत नसे. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं.

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, हा समज अजूनही पसरलेला आहे. संशोधन मात्र डोळ्यांपेक्षा ध्वनींकडे बोट दाखवतं. ऐकलेला शब्द सुट्या ध्वनींमध्ये तोडणं आणि प्रत्येक ध्वनी त्याच्या चिन्हाशी जोडणं, हे काम या मुलांच्या मेंदूला जड जातं. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांच्या मेंदूचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मेंदूच्या डाव्या भागातली उणीव सारखीच आढळली. तरीही इटालियन माणसं इतरांपेक्षा अचूक वाचत होती, कारण त्या भाषेत अक्षर आणि उच्चार यांचं नातं सरळ आहे. इंग्रजीत ते फार वाकडंतिकडं.

मराठी पालकांनी आणि शिक्षकांनी यातून घ्यावी अशी एक सावधगिरी आहे. आपलंही बरंचसं लिखाण उच्चाराला धरून चालतं. त्यामुळे एखादं मूल कसंबसं बरोबर वाचत असेल, पण इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. 'वाचता येतं की त्याला' असं म्हणून मोठी माणसं पुढे जातात. तिथे वेग आणि दमणूक पाहायला हवी, निव्वळ चुका मोजून भागत नाही.

कायद्याच्या दप्तरात ही मुलं बरीच उशिरा आली. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्राने मात्र १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी एकवीस प्रकारांवर नेली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला तीत जागा मिळाली. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं सोळावं कलम शाळांना सांगतं, की अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा आणि शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते बदल करा. यातला दुसरा भाग वाचायचा राहून जातो. ओळखून प्रमाणपत्राच्या रांगेत उभं केलं म्हणजे शाळेचं काम झालं, असा अर्थ त्या कलमातून निघत नाही.

रांग तशी लांबच असते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र मिळायचं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागायची. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग बुद्ध्यांक पाहायचा, त्यानंतर वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी सार्वजनिक केंद्रं आहेत. आडगावच्या मुलाला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक खेटा म्हणजे आईचा किंवा वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो.

चाचणी कोणत्या भाषेत, हा प्रश्न तितकाच मोलाचा. इंग्रजी शब्दांवर बेतलेली चाचणी मराठी शाळेतल्या मुलाबद्दल काय सांगणार? मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' हा चाचणीसंच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत तयार झाला, आणि शिक्षकांनी वर्गातच प्राथमिक चाळणी करावी अशी सोय त्यात आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल मराठी वाचताना अडखळलं, तर त्याचं कारण निराळंही असू शकतं. शाळेची भाषा नवी असणं आणि अध्ययन अक्षमता असणं, या दोहोंची गल्लत झाली की दोन्हीकडच्या मुलांवर अन्याय होतो.

डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. पाचगणीच्या निवासी शाळेतल्या छोट्या ईशानला त्याचे चित्रकलेचे शिक्षक अक्षर शिकवतात, ते वाळूत गिरवून, मातीत घडवून, रंगांनी काढून. चित्रपटाने हे मनाने रचलेलं नाही. डोळा, कान, हात यांना एकत्र कामाला लावणारी ही पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून आकाराला आली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत. आज तीच धूळपाटी ताटात रवा पसरून घरच्या घरी करता येते. मुलाने तोंडाने 'नि' म्हणत बोटाने आधी वेलांटी, मग 'न' काढायचा. शब्द टाळ्या वाजवून तोडायचा: नि-र्मि-ती, तीन टाळ्या. आज एकच नवं चिन्ह, उद्या त्याचीच उजळणी, आणि रफाराची गाठ पहिली वेलांटी पक्की झाल्यावरच. यात घाई चालत नाही.

असं शिकवायला प्रशिक्षित माणूस लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि पुढे सरकारने ते ठरवलं: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. प्रत्यक्षात फिरते विशेष शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात आणि उरलेल्या दिवशी मूल वर्गशिक्षकांच्याच हाती असतं. म्हणून खरी भिस्त वर्गशिक्षकांवर. सर्वांसमोर अचानक 'उठ, वाच' न म्हणणं, फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देणं, निबंधात विचारांना गुण देऊन ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब वेगळा ठेवणं, हे त्यांना कोणाच्या मंजुरीशिवाय करता येतं.

परीक्षेतल्या सवलतींकडे इतर पालक कधीकधी संशयाने पाहतात. २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो तास प्रश्न वाचण्यातच खर्ची पडतो, उत्तर मुलाला स्वतःच्याच डोक्यातून काढावं लागतं. लेखनिकाबाबतही तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिहिताना हात आखडणाऱ्या एका स्पर्धापरीक्षार्थीच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही.

दहावी-बारावीचं हे झालं. तिसरीतल्या मुलाला इतकी वाट पाहायला लावायची गरज नाही. राज्यात २०१० पासून सुरू असलेल्या आकारिक मूल्यमापनात चाचणीच्या जोडीला तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांनाही गुण आहेत. पर्सीच्या शिक्षकांना जे नुसतं वाटलं होतं, त्यासाठी आपल्या गुणपत्रकात रकाना तयार आहे. परिसर अभ्यासाचा धडा मुलाला वाचून दाखवायचा, त्यावरचे प्रश्न तोंडी विचारायचे आणि त्याने दिलेल्या उत्तरांचे गुण त्या रकान्यात भरायचे. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही.