चिखलदरा : पाहून यावे, लिहून येऊ नये

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी चिखलदऱ्याला जाऊन आलो. गडचांदूरहून निघून रात्री परतवाड्याला मुक्काम केला आणि सकाळी घाट चढलो. आमच्या धाकट्याने आजवर डोंगर पाहिला तो माणिकगडचा आणि मोठे पाणी पाहिले ते आपल्या अमलनाला धरणाचे. सिमेंटच्या धुळीची सवय झालेल्या आम्हा सर्वांना तिथली थंडगार, स्वच्छ हवा नवलाची वाटली.

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत १११८ मीटर उंचीवर वसले आहे. विदर्भातले थंड हवेचे ठिकाण म्हणून आपण त्याला ओळखतो. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन इथे आला आणि त्याला ही जागा फार आवडली. पुढे इंग्रजांनी इथे बंगले बांधले, कॉफीची लागवड केली. ती कॉफी अजूनही होते. गावाला तलाव आहेत. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट अशी दऱ्या न्याहाळण्याची ठिकाणे आहेत. चहूबाजूंनी मेळघाटचे जंगल आहे. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ ठिकाणांत मेळघाटचे नाव होते. या जंगलाचे जुने रहिवासी म्हणजे कोरकू आदिवासी.

गावाजवळच गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधल्याचे इतिहासात नोंदले आहे. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ मध्ये त्याची दुरुस्ती केली. दरवाजांवर सिंह आणि हत्ती कोरलेले आहेत. एवढ्या उंचीवर राहणाऱ्या शिबंदीला पाणी पुरावे म्हणून आत तलाव आहेत. उंचवट्यावर मोठी मशीद आहे. तिच्या दर्शनी सात कमानी दुरूनच नजरेत भरतात. छत बरेच पडले आहे, तरी आत उभे राहिले की आवाज आपोआप हळू होतो.

तिथेच मला धाकटा दिसला. हातात टोकदार खडा आणि भिंतीवर त्याच्या नावाचे पहिले अक्षर अर्धे ओढलेले. मी खडा हिसकावून घेतला आणि चांगलीच कानउघाडणी केली. त्याने निमूट ऐकून घेतले. मग म्हणाला, "अम्मी, इथे तर सगळ्यांनीच लिहिलंय. तुम्ही शाळेच्या सहलीला आला होता ना? तुम्ही नव्हतं लिहिलं?"

मी लिहिले होते. नववीत असताना मैत्रिणीने आणि मी आपापली नावे आणि सन, असे खिळ्याने कोरले होते. मशिदीत नव्हे, एका दरवाजाजवळ. पण जागेने काय फरक पडतो? दगड त्याच गडाचा. क्षणभर वाटले, नाही म्हणून मोकळे व्हावे. पण ज्या मुलाला खोटे बोलू नको म्हणून रोज सांगते, त्याच्यासमोर ते जमले नाही. "लिहिलं होतं," मी म्हणाले.

"मग कोणी ओरडलं नाही?"

"नाही. ओरडायला हवं होतं."

परतताना आम्ही दोघांनी त्या दरवाजाशी माझे नाव शोधले. सापडले नाही. ते कोणी पुसले नव्हते, त्यावर नंतरच्यांची नावे चढली होती. गेली पंधरा वर्षे मी स्वतः मुलांच्या सहली नेते. डबा, पाण्याची बाटली, बसमधली मोजणी, सगळ्या सूचना देते. ही एक सूचना कधी दिली नाही, हे त्या भिंतीपुढे लक्षात आले.

अशा संरक्षित वास्तूची नासधूस करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि दंड, दोन्हींची तरतूद आहे. पण प्रत्येक दगडाजवळ शिपाई उभा करता येत नाही.

१५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांकडून हा गड जिंकणारा आर्थर वेलस्ली जन्माने आयर्लंडचा. त्याच देशात माझी भाची नर्स आहे. चिखलदऱ्याचे फोटो पाठवले तेव्हा तिने उलट किलार्नीचे पाठवले. तेही असेच डोंगरांच्या कुशीतले, तीन तलावांकाठचे, पर्यटकांवर जगणारे गाव. तिथली मक्रॉस नावाची मोठी जहागीर मालकांनी १९३२ मध्ये देशाला देऊन टाकली. त्यातूनच आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. तिथे पाहुण्यांना टांग्यातून फिरवतात. लीद रस्त्यावर पडू नये म्हणून घोड्यामागे झोळी बांधावी, यावरून २००९ मध्ये टांगेवाले आणि उद्यानाचे अधिकारी यांच्यात मोठा वाद झाला. आपल्याला हसू येईल. पण ज्या निसर्गावर पोट भरते तो स्वच्छ ठेवायचा कोणी, हा प्रश्न काही हसण्यासारखा नाही. चिखलदऱ्याच्या दरीत भिरकावलेली पाण्याची रिकामी बाटली कोण उचलून आणणार?

भगिनींनो, चिखलदऱ्याला जरूर जा. पावसाळ्यात धुके आणि धबधबे, हिवाळ्यात मोकळे आकाश. गरम कपडे घ्या, घाटात घाई करू नका, आपला कचरा पिशवीत घालून परत आणा. आणि निघण्यापूर्वी मुलांना ही एक गोष्ट सांगा : भिंतीला हात लावा, नाव लावू नका.

लांब जाणे जमत नसेल तर आपला माणिकगड आहेच. पावसाळ्यात अमलनाल्याच्या वेस्टवेअरवर किती गर्दी होते, हे आपण दरवर्षी पाहतो. यंदा आमच्या वर्गाची सहल तिथेच आहे. प्रत्येकाने एक वही आणायची आहे. पहिल्या पानावर नाव, गाव, सन, हवे तेवढे मोठे लिहा. धाकट्याने आपली वही आत्ताच तयार ठेवली आहे.