वंचक, दुर्बीण आणि खिशातला कॅमेरा

पुण्याच्या पाषाण तलावावर हिवाळ्यातल्या सकाळी दोन जातींचे छायाचित्रकार भेटतात. एकांच्या खांद्यावर हातभर लेन्स असते. त्यांना पक्ष्याचं बुबुळ टिपायचं असतं. दुसरे आम्ही फोनवाले. आम्हाला घरी गेल्यावर समजावून सांगावं लागतं, "तो ठिपका दिसतोय ना, तो कवड्या धीवर."

हिशेबच तसा आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात फोनची मुख्य लेन्स साधारण 26 मिलिमीटरची. आडव्या चौकटीत 10 मीटरवरचा 13-14 मीटरचा पट्टा मावतो, आणि त्यात दीड फुटी वंचक बगळा कोपऱ्यातल्या काडीएवढा दिसतो. बोटांनी चित्र ताणून पक्षी जवळ येत नाही. फोन मधला तुकडा कापतो आणि पिसं स्वतःच्या कल्पनेने रंगवतो.

तलावाची कुळकथा थोडक्यात: रामनदी अडवून केलेला कृत्रिम जलाशय. भोवती शहर वाढलं, सांडपाणी आलं, त्यावर जलपर्णी पोसली. थंडीत पाहुणी बदकं येतात.

आता ठिपक्यावरचा माझ्या आवडीचा उपाय. 1999 मध्ये मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीला, छोटा डिजिटल कॅमेरा लावून पाहिला आणि 'डिजिस्कोपिंग'चं वेड जगभर पसरलं. स्कोप परवडत नसेल तर आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, साधी दुर्बीण पुरते. तिच्या डोळ्याकडच्या भिंगाला फोन टेकवायचा, बस्स! आधी आपल्या डोळ्याने पक्षी स्पष्ट करून घ्या. मग चष्मेवाले करतात तशी भिंगाभोवतीची रबरी कड खाली करा. फोनची लेन्स बरोबर मध्यावर आली नाही, तर पडद्यावर काळी चंद्रकोर उगवते. मध्यावर आली तरी भोवती काळं कडं राहतं, कारण दुर्बिणीतून 10 मीटरवरचा जेमतेम सव्वा मीटरचा गोल दिसतो. अशा वेळी दुप्पट झूम करावा. कडं जातं आणि वंचक निम्मी चौकट व्यापतो. फोन आपणहून जवळच्या वस्तूंसाठीच्या 'मॅक्रो'त शिरत असेल तर ती सोय आधी बंद करा. कोपर कठड्यावर टेका.

हे सगळं जमेपर्यंत थांबेल असा हक्काचा पक्षी म्हणजे वंचक! मातकट रंगाचा, मान खांद्यात ओढून काठावर बसलेला. बेडूक टप्प्यात येईपर्यंत तो हलत नाही. उडाला की मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि हाच का तो, असा प्रश्न पडतो. विणीच्या काळात पाठ गडद तपकिरी-लाल होते. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळाही नवशिक्यांचा मित्र. त्याची पिसं भिजतात, म्हणून त्याला बसावंच लागतं. टिबुकलीच्या नादी मात्र लागू नये. बटण दाबेपर्यंत ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते.

गायबगळा काळ्या पाण्यासमोर उभा असला, की फोन पाण्याकडे बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याचा चुना होतो. पक्ष्यावर बोट टेकवून शेजारी येणारं सूर्याचं छोटं चिन्ह खाली ओढावं. एक मात्र कळकळीने सांगतो: पक्षी पुढे यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवू नका. त्याच्या लेखी तो हद्दीत घुसलेला शत्रू असतो.

दुर्बीण नसेल तर ठिपक्याचाच फोटो काढा, आणि बिनदिक्कत काढा. मोठ्या लेन्सच्या फोटोत जांभळी पाणकोंबडी कुठल्याही तळ्यातली असू शकते. फोनच्या रुंद चौकटीत तिच्यासोबत जलपर्णी येते, नाल्याचं तोंड येतं, मागचे टॉवर येतात. शेकाट्यांचा थवा दिसला तर उथळ, गढूळ पाणीही दिसतं. दर हिवाळ्यात एकाच जागेवरून असा फोटो काढून तारखेसह 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला, तर पक्ष्यांबरोबर तलावाचीही नोंद होते.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. दिवाळीच्या फराळाचे डबे बहुधा रिकामे होत आलेले असतात, फोन खिशात असतोच. सुरुवात करायला याहून सोयीचा मुहूर्त मला माहीत नाही.