पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रयोगशाळेचे दार कसे ठोठावावे?

मागच्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे त्या दिवसाचे वाचन संपले, लोक चपला शोधू लागले, तेव्हा एक गृहस्थ आमच्याजवळ येऊन थांबले. औष्णिक वीजकेंद्रात कंत्राटी कामगार म्हणून राखेच्या कामावर ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, असा माणूस. जयभीम झाल्यावर म्हणाले, "भाऊ, पोरगी एम.एस्सी. करून राहिली, पर्यावरणशास्त्रात. आता म्हणते, इंटर्नशिप पाहिजे. हे इंटर्नशिप म्हणजे नोकरी होय का शिकवणी होय? पैसे ते देतेत का आपण द्याचे?"

प्रश्न साधा होता, पण आम्हालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. मग आम्ही चार ठिकाणी चौकशी केली, त्या मुलीशी बोललो, तिची पत्रे वाचली. त्यातून जे कळले ते आपल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

इंटर्नशिप म्हणजे उमेदवारी. गिरणीत नवा पोरगा जुन्या कामगाराच्या हाताखाली साचा शिकायचा, तसाच प्रकार. पुस्तकात पाण्याचा नमुना कसा घ्यावा हे दहा ओळींत लिहिलेले असते. प्रत्यक्ष नदीवर बाटली बुडवताना हात कुठे धरायचा, ती बर्फाच्या पेटीत किती वेळात ठेवायची, हे कोणाच्या तरी बरोबर गेल्याशिवाय येत नाही. आणि पुढे पीएच.डी. असो की नोकरी, विचारणारे हेच विचारतात की तुम्ही हाताने काय केले आहे?

काही पालकांना वाटते की पर्यावरण म्हणजे झाडे, वाघ आणि श्रीमंतांची हौस. आमचे मत वेगळे आहे. 1927 साली 20 मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच 1927 सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडत आला, आणि त्याच्या भोवती कोण राहते हे कोणाला सांगायला नको. नागपूरकडे कोराडी-खापरखेड्याची राख आहे, चंद्रपूरला वीजकेंद्र आणि कोळसा दोन्ही आहेत, यवतमाळ जिल्ह्यात कित्येक गावांच्या हातपंपाला फ्लोराईडचे पाणी येते. स्वतः बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाच्या पाण्याचे नियोजन त्यांच्या टेबलावर होते. हा विषय आपल्याला परका कधीच नव्हता. मात्र मोजमाप करणारे आजवर बाहेरून येत आणि आपण नुसते खोकत बसू.

आता त्या मुलीचे सांगतो. तिने आम्ही भेटण्यापूर्वी बावीस ठिकाणी ई-मेल पाठवले होते. एकाचेही उत्तर नव्हते. घरात तिची आई म्हणू लागली होती की त्यापेक्षा शिकवणीचे वर्ग धर, महिन्याला चार पैसे तरी येतील. आम्ही ती पत्रे पाहिली. बावीसही पत्रे एकच होती, फक्त वरचे नाव बदललेले. मी कष्टाळू आहे, मला संधी द्यावी, बायोडाटा सोबत जोडला आहे. त्या पत्रात समोरचा शास्त्रज्ञ कशावर काम करतो याचा एक शब्द नव्हता आणि खरे म्हणजे ती स्वतः कोण आहे याचाही नव्हता.

बोलता बोलता तिची आई म्हणाली, "आमच्या इकडे दोरीवरचे कपडे झटकल्याबिगर घडी करता येत नाही." आम्ही मुलीला म्हटले, ताई, हे तुझ्या पत्रात का नाही? तिला वाटत होते की राखेत राहतो हे लिहिणे कमीपणाचे आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात, पाऊस नसताना, तिने एक साधे काम केले. स्टीलची दोन सारखी ताटे घेतली. एक आपल्या छतावर, एक दूर शहरात राहणाऱ्या मावशीच्या छतावर. ठरावीक दिवसांनी ताटातली धूळ आधी वजन केलेल्या कागदावर पुसून घ्यायची आणि कॉलेजच्या तराजूवर पुन्हा वजन करायचे. वही आखली, तारखा टाकल्या, वारा कुठून होता तेही लिहिले. जानेवारीत तिने फक्त तीन पत्रे लिहिली, तीनही वेगळी. प्रत्येकात त्या शास्त्रज्ञाचा एक निबंध वाचून त्यातला एक प्रश्न विचारला, मग आपल्या दोन ताटांचे चार ओळींत सांगितले, आणि मे-जून या दोन महिन्यांत काम करायची इच्छा आहे, मार्गदर्शक शिक्षकांची परवानगी आहे, असे लिहिले. वस्तीतल्या एका निवृत्त गुरुजींनी इंग्रजी तपासून दिले. इंग्रजी साधे असले तरी चालते, फक्त नाव आणि आडनाव चुकवू नये.

एका शास्त्रज्ञाचे दहा दिवसांत उत्तर आले. उत्तर काय, चुकांची यादीच होती. कोरड्या ताटातली धूळ वाऱ्याने परत उडते. पाखरे बसतात. ताट नको, उभ्या कडांचे भांडे घ्यावे, त्यात शुद्ध पाणी ठेवावे, शेवाळ धरू नये म्हणून किंचित मोरचूद टाकावा. शेवटी लिहिले होते, मे महिन्यात या. मुलगी रडवेली होऊन ते पत्र घेऊन आमच्याकडे आली, तिला वाटले आपले सगळेच चुकले. आम्ही तिला शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

जागा कुठे शोधाव्यात? सगळी जंत्री देण्यात अर्थ नाही, पण दिशा सांगतो. नागपुरातच 'नीरी' आहे. 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून ती सुरू झाली, 1974 साली तिला आजचे नाव मिळाले. पाणी, सांडपाणी, हवा, कचरा या सर्वांवर तेथे काम चालते आणि मुंबईलाही तिचे केंद्र आहे. हवामानाकडे ओढा असेल तर पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, समुद्राकडे असेल तर गोव्याला दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पक्षी-प्राण्यांकडे असेल तर मुंबईची 1883 सालापासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. मोठ्या नावांवरच अडून राहू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळा, महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक कार्यालये, मान्यताप्राप्त खाजगी तपासणी प्रयोगशाळा येथेही हात बसतो. तेथे विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र घेऊन स्वतः जावे. ई-मेलपेक्षा तेथे माणूस समोर उभा राहिला की काम लवकर होते, असा आमचा अनुभव आहे.

देशपातळीवर भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, त्यासाठी विद्यावेतन आणि रेल्वेचे भाडे. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मुलांना अर्ज करता येतो. काय शिकायचे आहे यावर एक छोटे टिपण आणि शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. हे अर्ज साधारणपणे हिवाळ्याच्या तोंडाशी मागवतात. म्हणजे दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरली की घरात या अर्जाची चौकशी सुरू व्हावी. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्याला उन्हाळ्याची जागा मिळत नाही.

पैशांचे स्पष्ट बोलू. बऱ्याच ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही आणि काही प्रयोगशाळा प्रबंधाच्या कामासाठी उलट फी घेतात. फी आधी विचारावी, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे का हेही न लाजता विचारावे. आपल्याच शहरात, घरचे खाऊन दोन महिने बिनपगारी काम करणे परवडते. परक्या शहरात सहा महिने बिनपगारी राबणे हा खिसा भरलेल्यांचा खेळ आहे, त्यात आपल्या मुलांनी पडू नये असे आमचे मत आहे. आणि पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र पाठवणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. त्या कागदाला प्रयोगशाळेत कोणी विचारत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाला एका खाजगी ठिकाणी दोन महिने नुसत्या काचेच्या बाटल्या धुवायला लावल्या. बाटल्या धुणे कमीपणाचे नाही, ज्याला बाटली धुता येत नाही त्याचा आकडा चुकतोच. पण पंधरा दिवसांनंतरही मोजमाप शिकवत नसतील तर शिक्षकांना सांगून तेथून निघावे. आडनाव ऐकून कोणी टोमणे मारले तर तारीख-वार लिहून ठेवावा आणि विद्यापीठाच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी द्यावे.

पुढे संशोधनच करायचे असेल तर यूजीसीच्या नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये मिळतात. कंत्राटी कामगाराच्या घरात ही रक्कम काय असते ते आम्ही सांगायला नको. अनुसूचित जातींसाठी वेगळी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची संशोधन शिष्यवृत्ती आहे. 'गेट' परीक्षेतही 2021 पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आला आहे.

दाखल्यांचे काम मात्र पालकांनी अंगावर घ्यावे. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, तरी कागद नसेल तर त्या मिळत नाहीत. राज्याचा जातीचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला, जातवैधता, उत्पन्न, अधिवास, सगळे एका फाईलमध्ये असावे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींनी सुट्टीत राहण्याची परवानगी मार्चमध्येच मागावी. मेस बंद असते, त्याचीही सोय आधी बघावी.

तर ती मुलगी मे महिन्यात गेली. सकाळी आठची बस, संध्याकाळी सातला घरी. पहिले दोन आठवडे वडील बसथांब्यावर सोडायला जात, मग तीच नको म्हणाली. दोन महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत, येण्याजाण्याचा खर्च तिच्या मोठ्या भावाने केला. पण तिचा प्रबंधाचा विषय तेथेच ठरला आणि मार्गदर्शक साहेबांनी पावसाळ्यानंतर पुन्हा बोलावले आहे. आता वस्तीत चार छतांवर पाण्याची भांडी ठेवायची आहेत. त्यातले एक विहाराच्या गच्चीवर राहणार आहे. उपासिका संघाच्या मावश्यांनी मुलांना बजावून ठेवले आहे की त्यात खडे टाकायचे नाहीत.