पायांखालचे चार बाण

झिम्मा, फुगडी, पिंगा, टिपऱ्या ह्यांची आठवण काढून उसासे टाकणारी मंडळी आपल्या बहुतेक घरांत आहेत, आणि ते उसासे ऐकण्याची आपणां सर्वांस संवयही झाली आहे. परंतु जीं मुलें इ. स. २००० च्या आगेंमागें पंधरा-पंचवीस वर्षांचीं होतीं आणि आतां चाळिशी ओलांडून संसारांत गढलीं आहेत, त्यांचीही अशीच एक हळहळ आहे, हें वडील माणसांच्या फारसें लक्षांत येत नाहीं. ही हळहळ एका यंत्राविषयीं आहे. यंत्र जपानी, नांव 'डान्स डान्स रेव्होल्यूशन', म्हणजे नाचाची क्रांति. नांव अंमळ भडक खरें. पण नांवावरून वस्तूची परीक्षा करूं नये.

ज्या वाचकांनीं तें पाहिलें नसेल, त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. पैसे टाकून खेळावयाच्या यंत्रांचीं जीं दालनें असतात, ज्यांस आर्केड म्हणतात, त्यांत हें उभें असे. समोर मोठा पडदा, खालीं दणदणणारे स्पीकर, आणि पुढें धातूचा एक ठेंगणा चौथरा. चौथऱ्यावर दोघां खेळाडूंस दोन जागा, आणि प्रत्येक जागेभोंवतीं डावा, उजवा, पुढचा व मागचा असे चार बाण. गाणें सुरू झालें कीं पडद्यावर खालून बाण वर सरकूं लागतात. वरच्या अंगास चार स्थिर बाणांची ओळ असते. सरकता बाण स्थिर बाणावर नेमका बसला, कीं त्याच क्षणीं पायाखालचा त्या दिशेचा बाण दाबावयाचा. एवढाच खेळ. प्रत्येक पावलास यंत्र तेथल्या तेथें शेरा देतें: 'परफेक्ट', 'ग्रेट', 'गुड', आणि चुकल्यास 'बू' किंवा 'मिस'. चुका फार झाल्या, तर गाणें मध्येंच तोडून खेळाडूस खालीं उतरवितें. गाणें सुमारें दीड मिनिटाचें, आणि एका वेळच्या पैशांत बहुधा तीन गाणीं मिळत.

ह्या खेळाची कुळकथा लांब नाहीं. १९९६ सालीं 'पॅरॅप्पा द रॅपर' नांवाच्या खेळानें गाण्याच्या ठेक्यावर कळ दाबण्याची गोडी लाविली. कोनामी ह्या जपानी कंपनीनें १९९७ सालीं 'बीटमॅनिया' काढला. त्यांतही ताल हातांनींच धरावयाचा. पायांनीं खेळावयाची चटई बांदाई कंपनीनें १९८६ सालींच विकावयास आणली होती, पण ती मुख्यतः धांवण्या-उडण्याच्या शर्यतींसाठीं. गाणें आणि पाऊल ह्यांची खरी गांठ कोनामीनें १९९८ सालीं घातली. पुढच्याच वर्षीं यंत्र अमेरिकेंत पोंचलें, जपानांत प्लेस्टेशनवर खेळावयाची घरगुती आवृत्ति निघाली, आणि कोरियांतील अँडामिरो कंपनीनें 'पंप इट अप' नांवाचें भावंड बाजारांत उभें केलें. त्यांत बाण चार कोपऱ्यांत, आणि पांचवी जागा मध्यभागीं.

आतां ह्यास नाच म्हणावें काय, हा प्रश्न आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास पडावा हें स्वाभाविक आहे. सुदैवानें उत्तर हजार वर्षांपूर्वीं देऊन ठेविलेलें आहे. धनंजयानें आपल्या दशरूपकांत नृत्य आणि नृत्त असा भेद केला आहे. नृत्य भावावर उभें असतें. नृत्तास आधार केवळ ताल आणि लय ह्यांचा. ह्या कसोटीनें जपानी यंत्र नृत्ताची शुद्ध शाळा होय. त्यास अभिनय कळत नाहीं, मुद्रा दिसत नाहींत, हात कोठें आहेत ह्याची चौकशी तें करीत नाहीं. पाऊल मात्रेवर पडलें कीं नाहीं, एवढेंच तें विचारतें. आणि उत्तमांतल्या उत्तम शेऱ्यासाठीं सेकंदाच्या दोन-तीन शतांशांपलीकडे सूट देत नाहीं. पहिल्याच यंत्रांत 'पॅरानोइया' नांवाचें गाणें मिनिटास १८० मात्रांचें होतें, म्हणजे सेकंदास तीन. पुढें २००१ सालीं 'मॅक्स ३००' निघालें. त्याच्या मात्रा नांवाप्रमाणेंच मिनिटास ३००. आणि मात्रेच्या मध्यावरही पाऊल पडत असल्यामुळें सेकंदास दहा पावलांपर्यंत मजल जाते. पेशकारांतून रेल्यावर आलेल्या तबलजीचीं बोटें जें करतात, तें हीं मुलें पायांनीं करीत होतीं. आम्हीं छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. इतका निःपक्षपाती आणि इतका तत्पर परीक्षक आम्हीं दुसरा पाहिला नाहीं. खेळणारा कोणाचा मुलगा, त्याचा पोषाख कसा, त्याचा उच्चार देशी कीं परदेशी, ह्याशीं त्यास कर्तव्य नव्हतें.

आमच्या मतें ह्या खेळाची खरी किंमत येथेंच आहे. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत मुलग्यांनीं नाचावयाची सोय नव्हती. वारींत पाऊल खेळणारे वारकरी आम्ही हात जोडून पाहतों, गणपतीपुढें नाचणारीं मुलें खिडकींतून पाहतों. पण आपला मुलगा नाचूं लागला कीं घरांत कुजबुज सुरू होते. आमचा पुतण्या आठवींत असतांना शाळेच्या स्नेहसंमेलनांतील कोळीनृत्यांत त्याचें नांव घातलें गेलें. आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, शाळेंत जाऊन तें काढविलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो मुळांतच अबोल. पुढें इंजिनिअर होऊन १९९९ च्या अखेरीस संगणकाच्या नोकरीवर न्यू जर्सीस गेला. तेथें रविवारीं धुणें धुवून झालें कीं वेळ खावयास उठे. अशा एका रविवारीं जवळच्या मॉलमधील आर्केडांत त्यानें हें यंत्र पाहिलें. सलग तीन रविवार तो नुसता उभा राहून पाहत होता, आणि चवथ्या रविवारीं चौथऱ्यावर चढला. त्याचे शब्द असे: "काका, तिथें त्याला कोणी नाच म्हणत नसे. गेम म्हणत. म्हणून माझा पाय उचलला गेला."

यंत्राभोंवतीं माणसांचें एक कडें जमे. पाळी लावण्यासाठीं पडद्याखालच्या कडेवर नाण्यांची रांग मांडून ठेवीत, आणि ज्याचें नाणें पुढें त्याची पाळी, हा नियम कोणी लिहिलेला नसतांही बहुधा पाळला जाई. कोणी मागच्या आडव्या दांडीस धरून, शरीराचा भार तिच्यावर टाकून, केवळ पाय चालवी. गुण पुष्कळ मिळत, पण कडें त्याला मनापासून टाळी देत नसे. कांहीं जण उलट करीत. पडद्याकडे पाठ फिरवीत, गिरकी घेत, गुडघा टेंकून हातानेंच बाण दाबीत, आणि हें सर्व पावलांचा क्रम पाठ करून, मात्रा न चुकवितां. यंत्र त्यांस एक गुणही अधिक देत नसे. दाद द्यावयाची ती कड्यानें. धनंजयाच्या भाषेंत बोलावयाचें, तर नृत्त शिकविलें यंत्रानें, आणि त्याचें नृत्य केलें तें भोंवतीं उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांनीं. पुतण्याला गिरकी कधीं साधली नाहीं. पण त्या कड्यांत एक चिनी विद्यार्थी, एक निग्रो टपालखात्यांतला कारकून—आजच्या शिष्ट भाषेंत कृष्णवर्णी म्हणावयाचें—आणि दोन शाळकरी बहिणी ह्यांच्याशीं त्याची ओळख झाली. त्या परक्या मुलखांत कचेरीबाहेरच्या त्याच्या पहिल्या ओळखी त्याच.

घरगुती खेळाची गंमत निराळी आणि अडचणी निराळ्या. अमेरिकेंत प्लेस्टेशनची आवृत्ति २००१ सालीं निघाली. तिच्यासाठीं मिळणारी चटई प्लास्टिकची, घडी घालतां येणारी. पाय जरा जोरानें पडला कीं ती सरके, आणि बाण एकीकडे व खेळाडू दुसरीकडे अशी गत होई. मग कोणी ती चिकटपट्टीनें जमिनीस डकवी, कोणी प्लायवूडच्या फळीवर ताणून बसवी. पुतण्याचें बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. खालच्या बाईंची तक्रार आली, तेव्हां त्यानें फळीखालीं आपल्या आईनें दिलेली गोधडी दुपदरी करून घातली. ती गोधडी आमच्या वहिनींनीं जुन्या नऊवारी लुगड्यांची शिवली होती.

२००३ च्या हिवाळ्यांत दादा व वहिनी सहा महिन्यांसाठीं तिकडे गेले होते. बाहेर बर्फ, पाय मोकळे करावयास जागा नाहीं, मुलगा व सून कचेरींत, नात शाळेंत. अशा घरांत आपल्याकडील वडील माणसांचे काय हाल होतात, हें ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस सांगावयास नको. नात आठ वर्षांची. तिनें एके दिवशीं आजीला चटईवर उभें केलें. वहिनी मंगळागौरीच्या खेळांत एके काळीं आळींत पहिल्या. पण येथें प्रथम कांहीं जमेना. फुगडींत आणि झिम्म्यांत डोळे समोरच्या गड्यावर असतात. ह्या खेळांत ते पडद्यावर ठेवावे लागतात, आणि वहिनी सारख्या पायांकडे पाहत. यंत्र 'बू' म्हणे. त्या शब्दाचें भाषांतर करण्याची गरज पडली नाहीं. घरभर हंशा पिकला. नंतर मात्र, सर्वांत सोप्या पायरीवर एक संथ गाणें लावून, रोज दुपारीं तीन वाजतां वहिनी पदर खोंचून उभ्या राहूं लागल्या. मार्चपर्यंत तीं तिन्ही गाणीं त्या पुरीं करीत. दादा खुर्चींत वर्तमानपत्र वाचीत. त्यांचें बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरी, असें वहिनी आजही सांगतात. दादांनीं तें शेवटपर्यंत कबूल केलें नाहीं. पण स्नेहसंमेलनाची गोष्ट त्यांनीं त्या हिवाळ्यांत आपण होऊन एकदां काढली, आणि मुलानें "राहूं द्या, अण्णा" म्हटल्यावर पुनः काढली नाहीं.

त्या काळीं शाळांनींही हा खेळ उचलला होता. नॉर्वेंत २००३ सालीं त्यास क्रीडा म्हणून मान्यता मिळाली, आणि अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानानें २००६ सालीं आपल्या ७६५ सार्वजनिक शाळांत तो व्यायामासाठीं बसविण्याची योजना जाहीर केली. तेथील मुलांचा वाढता स्थूलपणा हें कारण. हेतु उत्तम. पण जें यंत्र मुलांनीं आपण होऊन शोधून काढलें होतें, तें तासाच्या घंटेस बांधलें म्हणजे त्याची कवायत होते, हें आम्ही कवायतीचे तास घेतलेल्या अनुभवानें म्हणतों.

मग हें सर्व गेलें कोठें? पूर्णपणें गेलें असें नाहीं. कोनामीनें नवी आवृत्ति २०२४ सालींही काढली आहे. पण अमेरिकेंतील मॉलमधलीं लहान आर्केडें एकामागून एक बंद झालीं, आणि जपानांतही सेगासारख्या मातबर कंपनीनें २०२० सालीं आपल्या दालनांच्या धंद्यांतील मोठा हिस्सा विकला. टेक्सासमधील रॉक्सर कंपनीनें २००४ सालीं 'इन द ग्रूव्ह' नांवाचा अधिक अवघड खेळ काढून जाणत्यांस आपल्याकडे ओढलें होतें. कोनामीनें तिच्यावर दावा लाविला, आणि २००६ सालीं तडजोड होऊन त्या खेळाचे हक्क कोनामीकडेच गेले. हौशी मंडळींनीं 'स्टेपमॅनिया' नांवाचा मोफत संगणकी खेळ रचून त्यांत आपल्या आवडीच्या गाण्यांवर आपलींच पावलें बसविलीं; तो अजून चालूं आहे. घरांत २००९ सालीं 'जस्ट डान्स' आणि २०१० सालीं 'डान्स सेंट्रल' आले. एकांत हातांतल्या कांडीवरून आणि दुसऱ्यांत कॅमेऱ्यावरून यंत्र नाच पारखूं लागलें. चटई गेली, चौथराही गेला. नवे खेळ हातांकडे पाहतात, हें शास्त्रदृष्ट्या प्रगतीचेंच लक्षण. पण पायांच्या मात्रेची ती करडी शिस्त त्यांत नाहीं, असें जाणते सांगतात.

२०१९ सालीं आम्ही तिकडे गेलों असतां नात आम्हांस गाडींत घालून सव्वा तासाच्या वाटेवर 'राउंड वन' ह्या जपानी कंपनीच्या दालनांत घेऊन गेली. ती आतां चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. यंत्र होतें; नाण्यांची रांग नव्हती, कारण पैसे कार्डावर. कडेंही नव्हतें. आम्ही एकटे तिची पर्स धरून मागें उभे होतों. दुसऱ्या गाण्याला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा येऊन थबकला, आणि तिसरें संपतांच त्यानें तिला विचारलें कीं बाण किती वेगानें सरकते ठेवतां? तिनें सांगितलें. शेजारची जागा मोकळी होती. तो चढला, आणि पुढचीं तीन गाणीं दोघें मिळून खेळलीं. त्यानें तिला दोनदां हरविलें.

पुतण्याची चटई अद्याप माळ्यावर आहे. तिचा डावा बाण फुटला आहे, पण अडचण त्याची नाहीं. हल्लींच्या सपाट टीव्हीवर चित्र सेकंदाच्या कांहीं शतांशांनीं उशिरां उमटतें. पाहणाऱ्यास तें कळत नाहीं, पण पाय मात्रेवर असूनही यंत्र त्यास चूक म्हणतें. त्यासाठीं जुना काचेच्या नळीचा टीव्ही हवा. गेल्या वर्षीं तसला एक त्याला कोणीतरी फुकट दिला, आणि तो दोघां माणसांनीं उचलून घरांत आणला. सूनबाई विचारते आहे कीं तो ठेवावयाचा कोठें; आणि वहिनी, वय वर्षें ब्याऐंशी, फोनवरून विचारतात कीं ती गोधडी अजून आहे ना?