खांब नसलेले चर्च

इंग्लंडच्या उत्तरेला बोल्टन नावाचे एक गिरणगाव आहे. सॅम्युअल क्रॉम्प्टनने सूत कातण्याचे ‘म्यूल’ यंत्र १७७९ साली याच गावी तयार केले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस येईनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाड-खानदेशाची कशी आठवण झाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

या बोल्टनमध्ये नॅथॅनियल ग्रीनहॉल्श या गिरणीमालकाने मागे ठेवलेल्या पैशातून, त्याच्या भावाच्या देखरेखीखाली, १८७८ ते १८८१ या काळात ‘ऑल सोल्स’ हे चर्च उभे राहिले. पेली आणि ऑस्टिन हे वास्तुशिल्पी. बांधणाऱ्याची अट अशी की आत खांब नकोत. प्रवचन सर्वांना ऐकू यावे आणि प्रवचनकार सर्वांना दिसावा. (वर्गात खांबाआड बसणाऱ्या माझ्या मित्रांना ही अट फार पटेल.) त्यामुळे सुमारे ५२ फूट रुंदीचे सलग दालन बांधले गेले. ही रुंदी लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावरच अवलंबून आहे.

विसाव्या शतकात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९६०च्या सुमारास भरूच-सुरतेकडचे मुसलमान कामगार बोल्टनमध्ये येऊन स्थायिक झाले होते. चर्चच्या आसपासच्या वस्तीतही अशी बरीच घरे झाली. रविवारी चर्चला येणारे मात्र कमी होत गेले आणि १९८६ साली ते बंद झाले. इंग्लंडमध्ये अशा चर्चसाठी १९६८ सालचा एक कायदा होता. वास्तूला दुसरा उपयोग शोधावा, ती फार मोलाची असल्यास जतन करणाऱ्या निधीकडे सोपवावी, नाही तर पाडावी, असे तीन मार्ग त्यात होते. ऑल सोल्स १९८७ साली निधीकडे गेले. म्हणजे ते पडले नाही, पण कुलूपबंद राहिले. जतन आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे माझ्या तरी अशाच उदाहरणांवरून ध्यानात आले.

कुलूप उघडण्याच्या खटपटीत आघाडीवर होता तो त्याच वस्तीत वाढलेला एक मुसलमान कार्यकर्ता. हे मला या हकिकतीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘ते आपले नव्हे’ असे म्हणून तो बाजूने निघून जाऊ शकला असता. पण रोज डोळ्यांसमोर असलेली वास्तू आपलीही आहे, असे त्याने धरले. शेजाऱ्यांना सभा, वर्ग, लग्नकार्य आणि कामधंदा यांसाठी जागा हवी होती. एवढी मोठी जागा तर समोरच रिकामी पडली होती.

आता अडचण पाहा. उंच छपराची एवढी पोकळी थंडीत तापवायची तर कोळशाची खाणच हवी! शिवाय वास्तू संरक्षित, भिंतीला धक्का लावायची सोय नाही. तेव्हा इमारतीच्या आत इमारत बांधली गेली. दालनात स्वतःच्याच आधारावर उभ्या असलेल्या दोन पांढऱ्या मजली वास्तू ठेवल्या. जुन्या भिंतींचा आधार त्यांना नाही. कचेऱ्या आणि बैठकीच्या खोल्या त्यांच्या पोटात, आणि तापवायचे ते एवढेच. मधली मोकळी जागा समारंभांना. दालनात खांबांच्या रांगा असत्या, तर या वास्तू बसवायच्या कुठे? प्रवचन ऐकू यावे म्हणून मोकळे ठेवलेले दालन सव्वाशे वर्षांनी असे कामी आले. सुमारे ४९ लाख पौंड खर्च झाला; त्यात मोठा वाटा लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीचा होता. डिसेंबर २०१४ मध्ये दारे उघडली.

यात गमावले काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. दारातून वेदीपर्यंत एका दृष्टीत दिसणारे ते अखंड दालन गेले. माझ्या मते हा तोटा सोसण्याजोगा आहे, कारण नव्या वास्तू उद्या काढून टाकल्या तरी जुने चर्च शाबूत राहील. भिंती फोडून खोल्या काढल्या असत्या तर तसे म्हणता आले नसते.

कचेऱ्यांची योजना केवळ सोयीसाठी नव्हती. भाड्याचे पैसे आले, तर वस्तीच्या कार्यक्रमांना जागा परवडेल अशी देता येते. आमच्या तालुक्याच्या गावी एक जिनिंग कित्येक वर्षे बंद आहे. भिंती दोन हात जाड, आत खांब थोडे, आणि आमच्या आळीत अभ्यासाला टेबल असलेली घरे त्याहूनही थोडी. मी हे वडीलधाऱ्यांपुढे मांडले, तेव्हा त्यांनी जागेविषयी काहीच विचारले नाही. पहिला प्रश्न आला तो, विजेचे बिल दरमहा कोण भरणार?