डांगराला फुले आली, फळ धरेना

गेल्या पावसाळ्यात खुलताबादच्या आमच्या खालाजानच्या अंगणात डांगराच्या वेलाला रोज दहा-बारा फुले यायची. पिवळीधमक, तळहाताएवढी. सकाळी उमलायची, दुपार व्हायच्या आत मिटायची आणि मादी फुलांच्या खालची इवली इवली डांगरे चार दिवसांत पिवळी पडून गळून जायची. खालाजानने वेलाला शेणखत घातले, चुलीतली राख टाकली, शेजारणीच्या सांगण्यावरून नजर लागू नये म्हणून जुनी चप्पलही मांडवाला लटकावली. फळ काही धरेना. पलीकडच्या कारल्याचीही तीच गत.

एका सकाळी वेलाजवळ उभे असताना आमच्यापैकी कोणाच्या तरी लक्षात आले, की इथे गुणगुण नाही. दरवर्षी या वेळी फुलाफुलांत माश्या घुसलेल्या असतात. मेंदीच्या कुंपणात त्यांचे मोहोळ असायचे. ते कुठे गेले? ते आम्हीच जाळले होते.

घरात निकाह होता. अंगणात मांडव पडणार, पाहुण्यांची लेकरे खेळणार, एखाद्याला माशी चावली तर काय करायचे, अशी चर्चा झाली आणि गल्लीतल्या एका पोराला बोलावले. त्याने बांबूच्या टोकाला रॉकेलचा बोळा बांधला. दहा मिनिटांत काम संपले. ते फुलोरी माशीचे मोहोळ होते, हाताच्या पंज्याएवढे, मेंदीच्या एका फांदीला धरून लटकलेले. फुलोरी ही आपल्याकडची सगळ्यात लहान आणि गरीब स्वभावाची मधमाशी. इतक्या वर्षांत तिने आमच्या घरातल्या कोणालाही डंख मारला नव्हता. तेव्हा कोणाला वाईटही वाटले नाही. पाहुणे आले, बिर्याणी झाली, विषय संपला.

एका मोहोळाचा आणि एका वेलाचा संबंध काटेकोर सिद्ध होईल असा आमचा दावा नाही. पाऊसही लहरी होता. पण डांगराचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. ते एका फुलातून दुसऱ्या फुलात नेणारे कोणी नसेल तर फळ धरणार कसे? एवढे तर शाळेच्या पुस्तकातही असते. आम्हाला ते चाळिशीत कळले.

खुलताबादला जुनी माणसे अजून रौजाच म्हणतात. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पंचवीसेक किलोमीटरवर डोंगराच्या माथ्यावर वसलेले हे गाव. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराझी, हजरत जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यांमुळे दूरदूरचे लोक इथे येतात. जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबांची उघडी, मातीची कबर आहे आणि तिच्यावर सब्जाचे रोप असते. इफ्तारच्या सरबतात आपण ज्याचे बी भिजवून घालतो तोच हा सब्जा. तो फुलला की मधमाशीचा अगदी आवडीचा. घाट उतरून गेले की वेरूळ. तिथल्या लेण्यांच्या उंच काळ्या कड्यांवर आग्या माशीची मोहोळे लटकतात. एकच पोळे, कधी कधी हातभर रुंद, उघड्यावर. मोसमाप्रमाणे ही माशी गाव बदलते आणि फुलोरा आला की बहुधा त्याच कड्यावर, त्याच झाडावर परत येते.

आग्या चिडली तर जीवावर बेतू शकते, हे खरे. लेणी पाहायला आलेल्यांवर हल्ला झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. बहुतेक वेळा कोणी दगड मारलेला असतो, धूर केलेला असतो. तीव्र वासानेही त्या बिथरतात. म्हणून ईदच्या दुसऱ्या दिवशी इत्तर लावून लेण्यांकडे निघणाऱ्या तरुण मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे. माश्या मागे लागल्याच तर तोंड झाकून सरळ पळावे, हात झाडू नयेत, आणि काटा नखाने खरवडून लगेच काढावा.

या भागात डोंगरातला मध काढून डब्यातून विकणारी माणसे पूर्वी दारावर यायची. त्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही गाठले. आता ते मध काढत नाहीत, वयामुळे नाही, मोहोळच सापडत नाही म्हणून. पूर्वी एका मोसमात ज्या झाडांवर ओळीने मोहोळे दिसायची तिथे आता एखादे दिसते, आणि काही झाडे तर उरलीच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आपल्या धंद्याचा दोषही लपवला नाही. रात्री पेटता टेंभा लावून सगळ्या माश्या जाळायच्या, अंड्या-पिलांसकट पोळे कापायचे आणि पिळायचे, हीच रीत होती. खरे तर आग्या मोहोळात मध एका बाजूला, वरच्या फुगीर भागात साठवलेला असतो. नुसता थोडा धूर देऊन तेवढाच भाग कापला तर माश्या जगतात आणि पोळे पुन्हा भरतात. वर्ध्याच्या डॉ. गोपाल पालीवाल यांनी अंगभर संरक्षक पोशाख घालून, माशी न मारता असा मध काढण्याचे शिक्षण कित्येकांना दिले. आमच्या वृद्ध गृहस्थांना ते तरुणपणी कोणी दाखवले नव्हते.

पण मध काढणाऱ्यांनीच माश्या संपवल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. रौज्याच्या भोवतालची शेते पाहा. पूर्वी रानात करडई असायची, सूर्यफूल असायचे, तीळ, जवस, तूर. एक फुलोरा संपला की दुसरा सुरू. आता दूरवर कापूस आणि मका, अधूनमधून सोयाबीन, आल्याचे वाफे. मक्याच्या तुऱ्यात पराग मिळतो, मकरंद नाही. बांधावरची बाभूळ, लिंब, करंज, पांगारा तोडले गेले. दुष्काळाच्या वर्षांत माणसांना टँकरने पाणी येते. माशीलाही पाणी लागते, तिच्या टँकरची व्यवस्था कोणी करत नाही.

आणि फवारणी. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी जी औषधे मारली जातात त्यात इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम यांसारखी औषधे असतात. ती झाडाच्या रसात भिनतात आणि तिथून थोड्या प्रमाणात पराग-मकरंदातही उतरतात. माशी दर वेळी जागीच मरते असे नाही. पुष्कळदा तिला घरची वाट सापडत नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये अशा तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे निदान एवढे तरी करता येईल, की सकाळी आठ ते दुपार या वेळेत, माशी फुलांवर असताना, पंप पाठीवर घेऊ नये. संध्याकाळी मारावे. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही. आम्ही हे ज्या शेतकरी भाईंना सांगितले त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मजूर सकाळीच मिळतात. त्यांचेही खोटे नाही.

मधमाश्यांवर संकट आल्याचे जगाला मोठ्या आवाजात कळले ते 2006-07 च्या हिवाळ्यात. अमेरिकेतल्या पेट्यांमधून कामकरी माश्या नाहीशा होऊ लागल्या. राणी आणि पिले मागे, बाकी घर रिकामे. त्याच्याही आधी, 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी माश्यांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या होत्या. मात्र एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. जगात पेटीत पाळलेल्या मधमाश्या संपत चाललेल्या नाहीत. त्यांच्या पेट्यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढलीच आहे. संकट जास्त आहे ते मालक नसलेल्या माश्यांवर, म्हणजे आपल्या आग्या आणि फुलोरीवर, आणि मधमाशी नसलेल्या असंख्य रानमाश्यांवर. पेटीतली माशी मेली तर पेटीवाला बोंब मारतो. कड्यावरची मेली तर कोणाला कळतही नाही.

ताटाचा हिशेब मांडला की ही गोष्ट अंगावर येते. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ यांना माशी लागत नाही, त्यामुळे उपाशी कोणी मरणार नाही. पण जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के पिकांना कमी-अधिक प्रमाणात परागवाहक लागतात, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना सांगते. रमजानच्या दस्तरखानावरचे टरबूज घ्या. त्याचे फूल एकच दिवस उमलते आणि त्या काही तासांत माशीच्या अनेक फेऱ्या झाल्या नाहीत तर फळ वाकडे, एका बाजूला बसके होते. खरबूज, काकडी, कारले सगळे त्याच माळेतले. आपल्या रौजा-दौलताबादच्या सीताफळाचे मात्र वेगळे आहे. त्याचे काम मधमाशी नव्हे, बारीक भुंगेरे करतात. तेव्हा सीताफळ कमी आले म्हणून मधमाशीच्या नावाने रडू नये.

कांद्याचे बी करणाऱ्यांना हा प्रश्न सर्वांआधी कळला. कांद्याच्या डोंगळ्यावर शेकडो बारीक फुले असतात आणि प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे परागाची ने-आण झाली नाही तर डोंगळे नुसते शोभेचे. महाराष्ट्रात काही ठिकाणी माश्या येईनात म्हणून शेतकरी डोंगळ्यांवरून हात किंवा फडके फिरवतात, गुळाचे पाणी शिंपडून माश्यांना बोलावतात. डाळिंबाच्या बागा करणारे तर भाड्याने मधपेट्या आणून ठेवतात. जे काम फुकट होत होते त्याचे आता भाडे द्यावे लागते.

हाताने पराग लावण्यावरून एक हदीस आठवते. मदिनेत खजुरीच्या नर फुलोऱ्याचा पराग मादी झाडाला लावायची जुनी रीत होती. पैगंबरांनी (स.) ते पाहिले आणि याचा फारसा उपयोग होत असेल असे वाटत नाही, असे सहज म्हटले. लोकांनी ते सोडून दिले, त्या वर्षी खजूर कमी आला. तेव्हा त्यांनी, तुमच्या ऐहिक व्यवहाराची जाण तुम्हालाच अधिक आहे, अशा आशयाचे सांगितले. खजुरीचे काम माणसाने हाताने केले तर शोभते. सगळ्याच फुलांचे काम माणसाच्या गळ्यात पडले तर पुरणार कोण?

सूरह नहल आपल्या घरांत पढली जाते, मधात शिफा असल्याचे पोरासोरांना ठाऊक असते. पण त्याच आयतींमध्ये मधाच्या आधी माशीच्या घराचा उल्लेख आहे: डोंगरात, झाडांत आणि माणसाच्या बांधकामांत. आमच्याकडे पाहिले तर वेरूळचा कडा, मेंदीची फांदी आणि सातेरीची पेटी. अरबी जाणणारे सांगतात, की तिथे माशीला उद्देशून आलेली क्रियापदे स्त्रीलिंगी आहेत; मकरंद आणणारी कामकरी माशी मादीच असते. आणि ज्या चार जीवांना मारायला पैगंबरांनी (स.) मनाई केली त्यांत मधमाशी आहे, ही अबू दाऊदमधली हदीस रॉकेलचा बोळा पेटवताना आमच्यापैकी एकालाही आठवली नाही. मधाची बाटली मात्र दुसऱ्या दिवशी सहज उघडली.

त्या बाटलीचेही ऐकून घ्या. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने 13 ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा सगळ्या कसोट्यांवर तीनच उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा संस्थेचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी तो नाकारला. पाण्यात थेंब टाकून पाहणे, काडी पेटवून पाहणे या घरगुती परीक्षांवर आता भरवसा ठेवू नये. नव्या पद्धतीचे पाक त्या सहज उत्तीर्ण होतात. उलट मध थंडीत खाली गोठला म्हणजे भेसळ, हेही खरे नाही. अस्सल मध गोठतो. कामकरी माशी जन्मभर राबून चमच्याचा बारावा हिस्सा मध करते. हे लक्षात घेतले की फार स्वस्त मधाबद्दल आपोआप शंका यायला लागते. आणि आणखी एक, नवजात बाळाच्या आया-आज्यांसाठी: एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. तहनीकसाठी खजूर आहेच. तोही बारीक चघळलेला आणि अगदी किंचित, आधी डॉक्टरांना विचारून.

ज्यांना मधपेटी ठेवावीशी वाटते त्यांच्यासाठी पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधुसंचालनालय. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. आमच्या कोरड्या डोंगरात पेटी ठेवण्याआधी वर्षभर फुलोरा कुठून मिळेल ते पाहावे लागेल, नाहीतर उन्हाळ्यात माश्यांना साखरेवर जगवण्याची पाळी येते. त्यामुळे आम्ही पेटी आणली नाही.

डांगराचे पुढे काय झाले? पावसाळा सरता सरता खालाजान पहाटेच्या नमाजनंतर वेलाकडे जाऊ लागल्या. नर फूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. दोन डांगरे धरली. एक आमच्याकडे आले, एक शेजारणीकडे गेले. कुंपणाजवळ त्यांनी मातीचे पसरट भांडे ठेवले आहे, त्यात खडे आणि पाणी, माशीला बुडू न देता पिता यावे म्हणून. तुळस आणि सब्जा लावला आहे. गल्लीतल्या त्या पोरालाही सांगून ठेवले आहे, की पुन्हा कोणी बोलावले तर आधी आमच्याकडे ये.

मेंदीची ती फांदी अजून काळी आहे. भांड्यावर एखादी आग्या पाणी प्यायला येऊन जाते. फुलोरी अजून आलेली नाही.