गणिताचं पानिपत!

मुलांनो, चाचणीचे पेपर मिळाले की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माझं तर गणितात पानिपत झालं!" क्रिकेटचा सामना वाईट हरलो तरी पानिपत, निवडणुकीत पक्ष आपटला तरी पानिपत. हरियाणातल्या एका गावाचं नाव आपण मराठी माणसं रोजच्या बोलण्यात का बरं घेतो?

इंग्रजीतही अगदी असंच आहे. एखाद्याचा सपशेल पराभव झाला की इंग्रज म्हणतात, "त्याला त्याचं वॉटर्लू भेटलं." विशेषतः सारखा जिंकत आलेला माणूस शेवटी हरला, की हमखास! वॉटर्लू हे आजच्या बेल्जियममधलं एक गाव. १८ जून १८१५ रोजी तिथे नेपोलियन हरला. त्याला सेंट हेलेना या दूरच्या बेटावर पाठवलं आणि तिथेच १८२१ साली तो वारला. म्हणजे वॉटर्लू झालं की खेळ खलास!

गंमत अशी, की तिथे नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापतींपैकी एक, वेलिंग्टन, त्याआधी आपल्या महाराष्ट्रात लढून गेला होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली. पुढे म्हातारपणी तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून वॉटर्लूचं नव्हे, तर असईचं नाव घेई.

आता पानिपताकडे वळू. १४ जानेवारी १७६१. एका बाजूला अहमदशहा अब्दाली, दुसऱ्या बाजूला सदाशिवरावभाऊ. मराठ्यांची छावणी दोन महिन्यांहून जास्त दिवस अडकून पडली होती. रसद तुटलेली. सैन्याबरोबर बायकामुलं आणि यात्रेकरूही होते. माणसं, जनावरं उपाशी. शेवटी उपासमारीनं मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरवून मराठे बाहेर पडले. दुपारी विश्वासराव पडले, भाऊही गेले. पेशव्यांना जी बातमी कळली ती सांकेतिक भाषेत होती, असं सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि चांदी-तांब्याची नाणी किती गेली त्याला तर मोजदादच नाही, असा तिचा अर्थ. मोती कोण आणि नाणी कोण, ते तुम्हीच ओळखा! "विश्वास? तो तर पानिपतातच गेला!" हे आपलं बोलणंही विश्वासरावांवरूनच आलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, बरं का! त्याच वर्षी सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. पानिपतावर पायाला जखम होऊन जन्माचे लंगडे झालेले महादजी शिंदे पुन्हा उभे राहिले. १७७१ साली, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, मराठ्यांनी दिल्ली परत घेतली. इंग्रजांचं वॉटर्लू म्हणजे शेवट. आपल्या पानिपताला मात्र पुढचं पान आहे!

आता एक अवघड प्रश्न. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ नावाचं गाव आहे. १९०८ साली तिथे एका गरीब शेतकऱ्याच्या घरी बाबू गेनू सैद जन्मले. पुढे पोटासाठी मुंबईला जाऊन गिरणीत कामगार झाले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडानं भरलेला ट्रक अडवायला ते रस्त्यावर आडवे झाले. ट्रक थांबला नाही. बाबू गेनू त्याखाली चिरडले गेले. वय अवघं बावीस.

नुसता त्या दिवसाचा हिशेब मांडला तर काय दिसतं? ट्रक पुढे गेला, अडवणारा गेला. म्हणजे अपयशच, नाही का? पण "माझं काळबादेवी झालं" असं कुणी म्हणताना तुम्ही ऐकलंय? नाही ना! उलट त्यांच्या तालुक्यात डिंभे धरणाच्या जलाशयाला आज 'हुतात्मा बाबू गेनू सागर' म्हणतात. कुठली हार म्हणीत जायची आणि कुठली मानानं मिरवायची, हे त्या दिवशी ठरत नाही. मागून येणारी माणसं काय करतात, त्यावर ते ठरतं.

आईबाबांनाही एक सांगायचंय. प्रगतिपुस्तकावर लाल रेघ दिसली की "पानिपत केलंस!" असं जरूर म्हणा, पण मग महादजींची गोष्टही सांगा. आणि कुठली उदाहरणं चुकली ते शेजारी बसून पाहा.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. गावाच्या नावावरून आलेला आणखी एक वाक्प्रचार मराठीत आहे. मोठा पराक्रम केला की आपण म्हणतो, "अटकेपार झेंडा लावला!" अटक आज पाकिस्तानात, सिंधू नदीकाठी आहे. मराठे तिथे पोचले १७५८ साली, म्हणजे पानिपताच्या फक्त तीन वर्षं आधी. मोठ्या विजयाचा आणि मोठ्या पराभवाचा वाक्प्रचार एवढ्या जवळजवळ जन्मलेले! गावांवरून आलेले असे आणखी किती सापडतात, ते आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून काढा.